दोघांचे एक वाद्य

श्रोतेहो, जुगलबंदी हा शब्द आपल्या कानांना नवा नाही. सतार आणि सरोद, शहनाई आणि व्हायोलिन अशा जोड्या एका बैठकीवर बसतात. एकाने स्वरांची एखादी जागा घ्यावी, दुसऱ्याने तिला उत्तर द्यावे, आणि त्या देवघेवीतून मैफल रंगत जावी, हा अनुभव आपण पुष्कळदा घेतला आहे. तेथे वादक दोन असतात आणि वाद्येही दोन. परंतु वादक दोन आणि वाद्य मात्र एकच, अशी जुगलबंदी न्यूयॉर्क शहरात १९७१ च्या सुमारास घडली. ते वाद्य लाकूड, तार किंवा कातडे ह्यांचे नव्हते. ते विजेचे होते. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

ह्या वाद्याचा उगमही दोघांच्या सहकार्यातच आहे. १९६४ साली रॉबर्ट मोग हा अभियंता आणि हर्बर्ट डॉइच हा संगीतकार ह्यांनी एकत्र बसून विद्युत्-मंडलांतून संगीत निर्माण करणाऱ्या एका यंत्राची रूपरेषा सिद्ध केली. पुढे मॉड्युलर सिंथेसायझर म्हणून प्रसिद्धीस आले ते हेच. ‘मॉड्युलर’ म्हणजे सुट्या घटकांचे. एक घटक कंपने निर्माण करतो, दुसरा त्यांतील काही अंश गाळून टाकतो, तिसरा ध्वनीचा उठाव आणि विराम ठरवितो. हे घटक परस्परांना तारांनी जोडावयाचे आणि विजेच्या दाबाने चालवावयाचे. दाब एका व्होल्टने वाढविला, की सूर बरोबर एक सप्तक वर चढतो. कोणती तार कोठे खोचावी, हे सर्वस्वी वादकाच्या हाती.

आता ह्या यंत्राचा एक विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. त्याला स्मरणशक्ती नव्हती. तासन् तास खटपट करून एखादा अपूर्व नाद सापडावा आणि तारा काढताच तो नाहीसा व्हावा, अशी त्याची रीत. शिवाय यंत्र तापले की सूरही ढळे. तंबोरा जसा पुनःपुन्हा जुळवावा लागतो, तसेच ह्याचेही. सारांश, यंत्र म्हटले की ठरावीक आणि अचूक पुनरावृत्ती, अशी जी आपली समजूत असते, तिच्या अगदी उलट ह्याचा स्वभाव होता. त्यातून जे संगीत निघे, त्यात आपल्याकडील गायक ज्याला ‘उपज’ म्हणतात, तिचा अंश अपरिहार्यपणे येई.

१९६८ मध्ये वेंडी कार्लोस ह्यांनी बाखच्या रचना ह्या यंत्रावर वाजवून ‘स्विच्ड-ऑन बाख’ ही ध्वनिमुद्रिका काढली आणि सिंथेसायझरचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु ते संगीत दोन शतकांपूर्वीच लिहिलेले होते. ह्या वाद्याची स्वतःची भाषा कोणती, हा प्रश्न शिल्लकच राहिला होता. त्याच्या शोधास लागले ते माल्कम सेसिल आणि रॉबर्ट मार्गुलेफ.

सेसिल हा मूळचा लंडनचा, जॅझ संगीतातील कसलेला बास-वादक, आणि विद्युत्-तंत्रातही तितकाच निष्णात. न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या चर्चच्या वास्तूत ‘मीडिया साउंड’ नावाचे ध्वनिमुद्रणगृह होते. तेथील यंत्रसामग्रीची देखभाल तो करी. मार्गुलेफपाशी मोगचे यंत्र होते. दोघांनी एक करार केला: तू मला हे वाद्य शिकव, मी तुला ध्वनिमुद्रणाचे तंत्र शिकवितो. विद्येच्या मोबदल्यात विद्या, असा हा सौदा होता.

त्या काळी ह्या यंत्रावर एका वेळी एकच सूर उमटे. एकाने पट्ट्या दाबाव्यात आणि त्याच क्षणी दुसऱ्याने कळा फिरवून त्या सुराचा पोत बदलावा, अशी त्यांची वादनपद्धती होती. सूर एकाचा आणि त्याचा रंग दुसऱ्याचा. असे एकावर एक थर फितीवर चढवीत दोघांनी १९७१ मध्ये ‘झीरो टाइम’ ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. पुढे दुसरी यंत्रे, निरनिराळ्या कारखान्यांचे घटक आणि स्वतः घडविलेली मंडले जोडत जोडत हे वाद्य माणसाहून उंच अशा कमानदार लाकडी कपाटांचे अर्धवर्तुळ बनले. त्याचे नाव ‘टॉन्टो’. एकाच वेळी अनेक सूर, आणि प्रत्येक सुराचा ध्वनिगुण निराळा, ही त्यामागील आकांक्षा होती.

‘झीरो टाइम’ ऐकून त्याच वर्षी त्यांच्याकडे एक तरुण गायक आला. वयाची एकवीस वर्षे नुकतीच पूर्ण झालेला, जन्मानंतर लवकरच दृष्टी गमावलेला, आणि बालपणापासून लोकप्रियतेच्या शिखरावर असलेला हा गायक म्हणजे स्टीव्ही वंडर. तारांच्या त्या जंजाळातून वाट काढण्यासाठी त्याला सेसिल आणि मार्गुलेफ ह्यांचे हात हवे होते. तो वाजवी, आणि हे दोघे नाद घडवीत. १९७२ ते १९७४ ह्या अवघ्या तीन वर्षांत त्यातून चार संग्रह निर्माण झाले. अमेरिकन लोकप्रिय संगीताच्या इतिहासात त्यांचे स्थान फार वरचे आहे. ‘इनरव्हिजन्स’ ह्या संग्रहाच्या ध्वनिमुद्रणासाठी १९७४ साली ग्रॅमी पारितोषिकही ह्या जोडीस लाभले.

तथापि, त्याच वर्षी हे सहकार्य संपुष्टात आले. संग्रहांवर त्यांची नावे होती ती सहनिर्माते आणि तंत्रज्ञ म्हणून. येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. ज्याने गीत रचले आणि गायिले तो कलावंत, ह्यात शंका नाही. परंतु ज्याने त्या गीताचा नाद शोधून काढला, तो केवळ तंत्रज्ञ काय? आपल्याकडेही कित्येक जुन्या तबकड्यांवर गायकाचे नाव ठळक असे आणि तबल्याची, सारंगीची साथ करणारा निनावी राही. साथीदाराला त्याच्या नावाचा मान मिळण्यास पुष्कळ काळ जावा लागला. नव्या वाद्याबरोबर तोच जुना अन्याय नव्या रूपाने आला, एवढेच.

वाद्याला स्मृती नसल्यामुळे अशा संगीताची सारी भिस्त ध्वनिफितीवर असते. ह्याचे प्रत्यंतर आपल्या देशातही मिळते. १९६९ साली डेव्हिड ट्यूडर ह्या अमेरिकन संगीतकाराने अहमदाबादच्या राष्ट्रीय रचना संस्थेत मोगचे असेच यंत्र उभारून दिले. गीता साराभाई, अतुल देसाई प्रभृतींनी त्यावर प्रयोग केले. त्यांच्या फिती कित्येक दशके संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. पॉल पर्गस ह्या ब्रिटिश कलावंताने त्या उजेडात आणल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक संगीत प्रसिद्ध झाले. त्या फिती जपून ठेवल्या नसत्या, तर भारतातील ह्या आरंभीच्या प्रयत्नांचा नादही आपल्या कानी आला नसता.

‘टॉन्टो’ पुढे सेसिलपाशीच राहिले. २०१३ साली कॅनडातील कॅल्गरी येथील राष्ट्रीय संगीत केंद्राने ते विकत घेतले आणि मोठ्या परिश्रमांनी २०१८ पर्यंत ते पुन्हा बोलते केले. २०२१ मध्ये सेसिलचे निधन झाले. वाद्य दुरुस्त करता येते. तारा पुन्हा जोडता येतात. परंतु एकाची बोटे पट्टीवर असताना दुसऱ्याने कान देऊन नेमक्या क्षणी कळ फिरवावी, ही जी परस्परांची जाण, ती कोणत्याही कपाटात जपून ठेवता येत नाही. ती फितीवर उमटली तेवढीच आपली. म्हणून श्रोतेहो, एखादे गीत मनाला भिडले, तर गायकाच्या नावापाशीच थांबू नये. त्याखाली बारीक अक्षरांत छापलेली नावेही आवर्जून वाचावीत. त्या गीतातील अर्धा सूर कदाचित त्यांचा असेल.