दुकानाचा क्यूआर कोड: घरी कसा बनवावा, कसा तपासावा

‘‘स्कॅनर आहे का?’’ हा प्रश्न आता भाजीच्या गाडीवर विचारला जातो आणि घरी शिवणकाम करणाऱ्या खालालाही. खरं तर स्कॅनर गिऱ्हाइकाच्या मोबाईलमध्ये असतो. आपल्याकडे असतो तो क्यूआर कोड, म्हणजे ठिपक्यांत लिहिलेला पत्ता.

जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी हा कोड तयार केला. भारतात नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये यूपीआय सुरू केले आणि तोच कोड पैशांच्या कामाला आला.

कोडमध्ये काय असते?

साध्या मजकुराची एक ओळ. तिच्यात पैसे घेणाऱ्याचा यूपीआय आयडी, नाव आणि चलन असते; हवी तर रक्कमही घालता येते. पिन किंवा पासवर्ड त्यात नसतो.

घरी कसा बनवावा?

सोपा मार्ग म्हणजे आपल्या यूपीआय अ‍ॅपमधला कोड डाउनलोड करून छापणे. पण डब्याचा दर ठरलेला असेल, तर रक्कम भरलेला कोड उपयोगी पडतो. लिब्रेऑफिस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्याच्या ६.४ आवृत्तीपासून क्यूआर बनवण्याची सोय आहे, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. नववी-दहावीतली मुले हे सहज करतात. छापल्यावर आधी एक रुपयाचा कोड करून दुसऱ्या मोबाईलवरून पैसे पाठवून बघा. नाव बरोबर दिसते का, पैसे खात्यात येतात का, हे पाहिल्याशिवाय कोड भिंतीवर लावू नका. धंदा रोजचा असेल तर बँकेकडून व्यापाऱ्यांचा कोड घेतलेला बरा.

कसा तपासावा?

शाळेच्या आनंदमेळ्यात आम्ही मुलांना असे कोड बनवायला लावले. कोड उत्तम चालले, पण संध्याकाळी हिशेब जुळेना. मुलांनी मोबाईलवरची हिरवी खूण पाहून पदार्थ दिले होते. त्यातल्या काहींचे पैसे खात्यात आलेच नव्हते. पोरं हिरमुसली. त्या दिवशी आम्हीही धडा शिकलो: कोड हा पत्ता आहे, पावती नाही.

म्हणून एवढे पाळा:

• स्क्रीनशॉटवर भरवसा ठेवू नका. पैसे आले की नाही ते आपल्या खात्यात बघा. आवाज देणारा डबा सोयीचा आहे, पण त्याचे महिन्याचे भाडे आधी विचारा.

• रोज सकाळी आपला कोड स्वतः स्कॅन करा. वर दुसऱ्याचा कागद चिकटवलेला असेल तर नाव वेगळे दिसेल.

• पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. कुणी मागितला तर तो ठगच समजा.

• फसवणूक झालीच तर शरमून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे अडवणे कठीण.

मुलांकडून कोड जरूर बनवून घ्या. रात्रीचा हिशेब मात्र त्यांच्यासोबत बसून, खाते उघडून करा.