विंचू, गोगलगाय आणि कॅरॅव्हॅन

घर सोडून कुठेतरी लांब निघून जावे, असे ज्याला कधीच वाटले नाही असा गृहस्थ मी अजून पाहिलेला नाही. आणि घर सोडून गेल्यावर तिसऱ्या दिवशी ज्याला आपली उशी, आपला चहा आणि आपला संडास आठवला नाही, असाही गृहस्थ मी पाहिलेला नाही. या पेचातून सुटका निसर्गाने फक्त गोगलगायीची केली आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे आपण म्हणतो खरे, पण त्याच्या पाठीवर असतात ती पिल्ले. म्हणजे बिऱ्हाडातला नुसता त्रासाचा भाग. भांडीकुंडी नाहीत, गादी नाही. तिसरा प्राणी म्हणजे इंग्रज. तो घर पाठीवर घेत नाही, मोटारीच्या मागे बांधतो.

या मागे बांधलेल्या घराला कॅरॅव्हॅन म्हणतात. शब्द मूळचा आपल्या बाजूचा, फारसी 'कारवाँ'. वाळवंटातून उंटांचा तांडा जायचा तो कारवाँ. इंग्रजांनी तो शब्द उचलला, उंट काढून टाकले आणि चाके लावली. पुढे एवढा मोठा शब्द उच्चारायचा कंटाळा आला म्हणून त्याचे शेपूट तेवढे तोडून 'व्हॅन' केले. तेव्हा पोलिस व्हॅनमध्ये बसायचा प्रसंग कोणावर आलाच, तर आपण अर्ध्या कारवाँमध्ये बसलो आहोत एवढे समाधान मानून घ्यावे.

हौसेखातर अशा घरात राहायची पद्धत पाडली ती गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टराने. हे गृहस्थ आरमारात सर्जन होते. प्रकृतीमुळे नोकरी सोडून मुलांसाठी साहसकथा लिहू लागले. समुद्र सुटला तरी जहाज डोक्यातून गेले नव्हते. त्यांनी ब्रिस्टॉलच्या कारखान्यातून अठरा फूट लांबीचे, महॉगनी लाकडाचे एक घोडागाडी-घर बांधून घेतले, त्याला 'वाँडरर' असे नाव दिले आणि जमिनीवरचे जहाज म्हणून ते मिरवू लागले. सामानासकट वजन सुमारे दोन टन. ओढायला कॉर्नफ्लॉवर आणि पी-ब्लॉसम अशी दोन फुलांची नावे असलेले दोन घोडे. दोन टन ओढायचे असतील तर निदान नाव तरी नाजूक असावे, असा विचार असेल.

१८८५ च्या उन्हाळ्यात डॉक्टरसाहेब बर्कशायरमधल्या ट्वायफर्डहून निघाले आणि पार स्कॉटलंडात इन्व्हर्नेसला पोचले. पुढच्याच वर्षी त्यांनी या तेराशे मैलांवर जाडजूड पुस्तक काढले. बरोबर कोण होते? एक गाडीवान, एक नोकर, एक थोरला न्यूफाउंडलंड कुत्रा आणि एक काकाकुवा. नोकराचे काम फार मजेचे. तो तीनचाकी सायकलवरून पुढे जायचा आणि अरुंद रस्त्यावर समोरून कोणी येत नाही ना, पुढे चढ कसा आहे, हे बघून यायचा. आजच्या मोटारीत एक बाई पडद्यामागून 'तीनशे मीटरवर डावीकडे वळा' असे सांगते, तिचा हा मूळपुरुष.

सामान काय होते? पुस्तकांचे कपाट, तेलावरचा स्टो, गिटार, व्हायोलिन, आरमारी तलवार, पिस्तूल आणि छोटे हार्मोनियम! बाजाची पेटी घेऊन सहलीला निघणारा माणूस फक्त आपल्याकडेच असतो अशी माझी समजूत होती, ती साफ पुसली गेली. फरक एवढाच की, आपली पेटी एस.टी.च्या टपावर चढते आणि 'जरा बेतानं हो' असे ओरडत आपण खाली उभे असतो.

डॉक्टरांची लागण झपाट्याने पसरली. १९०७ साली अशा हौशी मंडळींचा कॅरॅव्हॅन क्लब निघाला आणि डॉक्टर त्याचे उपाध्यक्ष झाले. १९०८ मध्ये केनेथ ग्रॅहम यांनी 'द विंड इन द विलोज' लिहिले. त्यातल्या बेडकोबांनी पिवळीधमक कॅरॅव्हॅन घेतली, पण पहिल्याच सफरीत एका मोटारीने घोडा बुजवला आणि गाडी खड्ड्यात घातली. बेडकोबांनी काय करावे? गाडीचे दुःख न करता मोटारीच्याच प्रेमात पडावे! पुढे अख्ख्या इंग्लंडने नेमके तेच केले. १९१९ साली बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीच्या मागे लावायची कॅरॅव्हॅन बाजारात आणली आणि घोडे सुटले.

घोडे सुटले, पण घोड्यांबरोबर एक शहाणपणही सुटले. ओझे जास्त झाले तर घोडा जागचा हलत नाही. मोटार बिचारी हलते. म्हणून घोड्याने जे न बोलता सांगितले असते, ते आता नियमांच्या पुस्तकात वाचावे लागते. ते मी सक्तीने वाचले, कारण आमचे मेहुणे. चाळीस वर्षे इंग्लंडात काढून ते निवृत्त झाले आणि वर्षभर कॅरॅव्हॅनमधून ब्रिटन पालथे घालायचे त्यांच्या मनात आले. वहिनी कधी नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त बरोबर न्यायच्या सामानाची यादी केली.

यादीत प्रेशर कुकर दोन, पोळपाट-लाटणे, वीस किलो तांदूळ, पितळी डबा, देवांची चौरंगासकट स्थापना आणि एक दगडी खल होता. मेहुण्यांनी फोनवर मला यादी वाचून दाखवली आणि विचारले, "भावजी, यातलं काय काढू?" मी म्हटले, "काढायच्या आधी वजन करा. माणसाशी भांडता येतं, तराजूशी नाही."

हिशेब असा. नवख्याने भरलेल्या कॅरॅव्हॅनचे वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा वाढू देऊ नये, असा तिथला जुना संकेत आहे. मोटार १५०० किलोंची असेल तर कॅरॅव्हॅन सामानासह १२७५ किलोंच्या आत. कुत्रा शेपटी हलवतो तोवर ठीक. शेपटीने कुत्रा हलवायला सुरुवात केली की संपले. शिवाय कॅरॅव्हॅनच्या पाटीवर कमाल वजन कोरलेले असते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की, सामानासाठी कित्येकदा शे-दीडशे किलोच उरतात. त्यातले वीस-बावीस बॅटरी खाते, गॅसची टाकी खाते, पुढे लावायचा तंबू खातो. पाण्याचे चाळीस लिटरचे पिंप भरले की चाळीस किलो. म्हणून पाणी मुक्कामावर भरायचे, रस्त्यावर नाचवत न्यायचे नाही. खल पहिल्याच फेरीत बाद झाला.

पण नुसते वजन आटोक्यात ठेवून भागत नाही, ते कुठे ठेवले हे महत्त्वाचे. इथे इंग्रजी पुस्तकात चार पाने आकृत्या आहेत. आपल्या कोणत्याही गाडीवानाला त्या दोन शब्दांत सांगता येतील : उलार आणि धुरजड. बैलगाडी मागे जड झाली की उलार होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जड झाली की धुरजड, सगळे ओझे बैलांच्या मानेवर. कॅरॅव्हॅनचे अगदी तसेच. मोटारीच्या मागच्या गोळ्यावर तिचा जो दाब पडतो तो भरलेल्या वजनाच्या पाच ते सात टक्के असावा. १२०० किलोंची कॅरॅव्हॅन असेल तर ६० ते ८४ किलो. आणि मोटारीला व जोडाला जी मर्यादा लिहिलेली असेल तिच्या आत. जड सामान खाली आणि आसावर, हलके वर आणि कडेला. वहिनींचे तांदूळ मागच्या कपाटातून निघून मधल्या बाकाखाली गेले ते या कारणाने.

उलार झालेली बैलगाडी हसे करते. उलार झालेली कॅरॅव्हॅन जीव घेऊ शकते. वेगात असताना, उतारावर किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की ती मागच्या मागे सापासारखी डुलू लागते आणि दर हेलकाव्याला मोटारीला आपल्याबरोबर नाचवते. अशा वेळी माणसाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि हात चाक गरागरा फिरवतात. दोन्ही करायचे नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढायचा, चाक सरळ धरायचे आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. तिथल्या कायद्याने कॅरॅव्हॅनला साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी ५० मैल आणि मोटरवेवर ६० मैल ही मर्यादा आहे. मोटरवेला तीन किंवा अधिक पदर असतील तर अगदी उजवीकडच्या पदरात जायला मनाई. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये कोणी बसायचे नाही. "मी मागे पडून राहीन," असे वहिनी म्हणाल्या होत्या. कायद्याने त्यांना पुढच्या सीटवर आणून बसवले. आणि जोड तुटलाच तर मागच्या गाडीचा ब्रेक आपोआप ओढणारी एक बारीक तार असते, ती दर वेळी लावायची. मंगळसूत्रासारखी, दिसायला बारीक, पण सगळे तिच्यावर.

मुक्कामाला पोचलात म्हणजे सुटलात असे नाही. आधी गाडी समतळ करायची. रात्री डोके खाली आणि पाय वर होतात म्हणून तर खरेच, पण फ्रीजसाठीही. कित्येक कॅरॅव्हॅनमधला फ्रीज गॅसच्या ज्योतीवर चालतो. होय, खाली विस्तव आणि वर बर्फ. १९२२ साली स्वीडनमध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही किमया केली. सासू आणि सून एका घरात नांदवण्याइतकीच अवघड. यात अमोनिया स्वतःच्या वजनाने खाली वाहतो, त्यामुळे गाडी कलली की फ्रीज रुसतो आणि दुधाचे दही होते. आपण कढी करू, पण इंग्रजाची पंचाईत.

गॅसचेही तसेच. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचे नाकारतो. स्कॉटलंडातल्या पहाटे टाकी भरलेली आणि शेगडी थंड! म्हणून हिवाळ्यात प्रोपेन. तो उणे चाळीसपर्यंत तक्रार करीत नाही. विजेची जोडणी फार तर १६ अँपिअरची मिळते. दोन किलोवॉटची किटली आणि दोन किलोवॉटचा हीटर एकदम लावले की अंधार. आणि थंडी वाजते म्हणून हवेच्या जाळ्यांत चिंध्या कोंबायच्या नाहीत. कोंडलेल्या ज्योतीचा विषारी वायू वास देत नाही, जाग येऊ देत नाही. त्याची सूचना देणारी घंटी कमी जागेत सुद्धा लावायची. एखादा कुकर कमी न्यावा.

राहता राहिला तो विषय, ज्यावर सगळे प्रवासवर्णनकार मौन पाळतात. १९२४ च्या सुमारास इंग्लंडात 'एल्सन' नावाचा रासायनिक संडास आला आणि हौशी प्रवाशांची झाडी शोधायची पायपीट थांबली. आता टाकी खालून बाहेर ओढता येते आणि ठरल्या जागी नेऊन रिकामी करता येते. कोणी, हा प्रश्न विज्ञानाने सोडवलेला नाही. आमच्याकडे तो वहिनींनी सोडवला. "अहो, चाळीस वर्षं ऑफिसात साहेबाच्या फायली उचलल्यात, आता हे उचला." याही कामात कमीपणा नाही. मार्गारेट बेकेट २००६ साली ब्रिटनच्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री झाल्या, आणि त्या पक्क्या कॅरॅव्हॅनवाल्या म्हणून प्रसिद्ध. आपल्याकडे मंत्र्यांच्या मागे मोटारींची रांग असते. तिथे ती कॅरॅव्हॅनच्या मागे असते, आणि तिच्यातले लोक वेगळ्या कारणाने हॉर्न वाजवतात.

या सगळ्या गमतीत एक गोष्ट मात्र घशात अडकते. डॉक्टर स्टेबल्स महॉगनीच्या गाडीतून निघाले त्याच दशकात, जॉर्ज स्मिथ नावाचे एक सुधारक पार्लमेंटकडे विधेयके नेत होते. चाकांवर राहणाऱ्या जिप्सींची नोंदणी करा, त्यांच्या गाड्यांत निरीक्षक शिरू द्या, ही मागणी. ती विधेयके मंजूर झाली नाहीत, आणि १८८९ साली जत्रेवाल्यांनी त्यांच्याविरुद्ध आपला संघच काढला. पण हौशी माणसाने ज्यांची गाडी पाहून आपली गाडी केली, त्यांनाच रस्ता आखूड होत गेला. १९६० च्या कायद्याने परवान्याशिवाय शेतात कॅरॅव्हॅन ठेवणे कठीण केले. १९६८ च्या कायद्याने जिप्सींना जागा देणे कौन्सिलांचे कर्तव्य ठरवले आणि १९९४ साली ते कर्तव्य काढून घेतले. आपण हसायचे कारण नाही. याच सरकारने १८७१ साली आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. पुढे पारधी, कैकाडी अशा कित्येकांवर जन्मतःच शिक्का बसला. तो पुसायला १९५२ साल उजाडले. कायद्यातून पुसला, एवढेच म्हणतो. पैसेवाल्याच्या घराला चाके लागली की तो प्रवासी, आणि गरिबाच्या घराला लागली की तो संशयित. बिऱ्हाड तेच, पाठ वेगळी.

मेहुणे एका संध्याकाळी वेल्समधल्या एका शेताशी थांबले. शेतकरी फाटकाशी येऊन यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळत उभा राहिला. चाळीस वर्षे तिथे काढूनही ते न्याहाळणे मेहुण्यांच्या ओळखीचे होते. वहिनी खाली उतरल्या, राहू का म्हणून विचारले, रात्रीचे पैसे आधी पुढे केले आणि पोह्यांची बशीही. शेतकऱ्याने पोहे खाल्ले, पैसे अर्धे परत केले आणि नळ कुठे आहे ते दाखवले.

तेव्हा वजन, दाब, गॅस, घंटी हे सगळे झाले तरी सामानात एवढे धरावे : फाटक उघडण्याआधी विचारावे, जाताना गवत होते तसे ठेवावे आणि कागदाचा कपटाही मागे सोडू नये. आपण निघून जातो आणि आपले पक्के घर कुठेतरी आपली वाट पाहत असते. आपल्यानंतर त्याच फाटकाशी ज्याची गाडी थांबेल त्याचे तेवढेच घर असू शकते, आणि आपण कसे वागलो यावर त्याला नळ दिसणार की कुत्रा, हे ठरायचे असते.