पंधरा दिवस दूध आले नाही
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मुंबईला दूध लागते. वाक्य दिसायला साधे आहे, पण गेल्या ऐंशी वर्षांत आपल्याकडच्या दूधधंद्यात जे काही घडले, त्यातले बरेचसे या एका गरजेतून घडले. शहराला दूध स्वस्त हवे असते आणि ते रोज सकाळी दारात हवे असते. ते काढणाऱ्याला त्याचे किती मिळाले, ही चौकशी बहुतेक वेळा टंचाई झाल्यावरच सुरू होते.

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा मुंबईचे दूध मुख्यतः शहरातल्याच तबेल्यांतून येत असे. ताजी व्यालेली म्हैस लांबून आणायची, दाटीवाटीच्या गोठ्यात बांधायची, दूध असेतो पिळायची आणि आटली की कसायाकडे पाठवायची, असा तो व्यवहार होता. भाकड म्हशीला शहरात वैरण घालणे परवडत नसे आणि पारडू दुधाला वाटेकरी म्हणून नकोसे असे. अशा रीतीने उत्तम जातीची जनावरे दरवर्षी संपत होती. पाणी मिसळणे तर नित्याचेच. रमजान ईदचा शीरखुर्मा असो की कोजागरीचे आटीव दूध, सणाच्या आदल्या दिवशी भाव चढणार हे गिऱ्हाईक गृहीतच धरून चालायचे.

यावर उपाय म्हणून मुंबई सरकारने 1945 मध्ये दूध योजना सुरू केली. सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवरच्या आणंदहून, म्हणजे खेडा जिल्ह्यातून, रेल्वेने दूध आणायचे ठरले. आणंदला तेव्हा पेस्तनजी एदलजी यांची पोल्सन डेअरी होती. पोल्सनचे लोणी घराघरांत माहीत होते. दूध गोळा करून, तापवून-थंड करून मुंबईला धाडण्याचे काम सरकारने पोल्सनला दिले आणि त्या भागातले दूध दुसऱ्या कोणी उचलू नये अशी व्यवस्थाही करून दिली. गोम इथेच आहे. मुंबईत दूध काय भावाने विकायचे ते ठरले, पोल्सनला सरकारने काय द्यायचे ते ठरले. म्हैस पाळणाऱ्याला काय मिळावे हे मात्र कुठल्याच कागदावर नव्हते. ते पोल्सनने आणि मधल्या दलालांनी ठरवायचे. दुसरा घेणाराच नसल्यावर भाव काय ठरणार, हे सांगायला नको. दूध ही काही ज्वारी नव्हे, की भाव नाही म्हणून पेवात घालून ठेवली. सकाळचे दूध दुपारी नासते. घेणाऱ्याला घाई नसते आणि देणाऱ्याला थांबता येत नाही.

शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. स्वतःची सहकारी संस्था काढा, सरकारने तुमचे दूध घेतले नाही तर पोल्सनलाही घालू नका, असा त्यांचा सल्ला होता. 4 जानेवारी 1946 रोजी समरखा गावात मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली. गावोगाव संस्था काढायच्या, जिल्ह्याचा एक संघ करायचा आणि सरकारने दूध थेट संघाकडून घ्यायचे, असे ठरले. सरकारने नकार दिला आणि संप सुरू झाला. पंधरा दिवस आणंदहून मुंबईला दूध गेले नाही. ज्या कुटुंबाचा मीठमिरचीचा खर्च दुधावर चालतो, त्याने पंधरा दिवस धार काढून दूध न विकणे म्हणजे काय, याचा अंदाज शहरात बसून यायचा नाही. अखेर मुंबईचे दूध आयुक्त आणंदला आले आणि मागणी मान्य झाली. 14 डिसेंबर 1946 रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. अध्यक्ष होते त्रिभुवनदास पटेल. 1948 च्या जूनमध्ये प्रत्यक्ष काम सुरू झाले तेव्हा दोन गावांचे मिळून रोजचे दूध अडीचशे लिटर होते! तेच पुढे अमूल झाले.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (1976) पाहिलेल्यांना वातावरणही ओळखीचे वाटेल. त्या चित्रपटासाठी गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. पण माझ्या मते खरा पेच त्यानंतरचा आहे, आणि तो हिवाळ्यातला आहे.

म्हैस हिवाळ्यात उन्हाळ्याच्या दुपटीहून जास्त दूध देते. सरकारी भाषेत याला पुष्टकाळ आणि कृशकाळ म्हणतात. मुंबईची तहान मात्र बारा महिने सारखीच. उन्हाळ्यात मुंबई म्हणायची, आणखी द्या. हिवाळ्यात म्हणायची, एवढे नको. नको असलेल्या दुधाचे शेतकऱ्याने करायचे काय? त्यात वरकडी अशी, की मुंबईची योजना न्यूझीलंडची दुधाची भुकटी आणून वापरत होती. दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात भुकटी आणि पाणी घालून 'टोन्ड' दूध तयार केले, आणि तेवढ्याच दुधात जास्त घरे भागू लागली. गरिबाला परवडेल असे दूध मिळाले, हे कबूल करायलाच हवे. खुरोडींनी आरेची वसाहत उभारून शहरातल्या म्हशी बाहेर नेल्या, हेही मोठे काम. पण बाहेरची भुकटी स्वस्त पडते म्हणून खेड्याचे दूध नको, या हिशेबात शेतकरी बसत नव्हता.

म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असे परदेशी जाणकार ठामपणे सांगत. आणंदला वर्गीस कुरियन 1949 मध्ये आले होते. त्यांचे सहकारी हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली, आणि 1955 मध्ये भुकटीचा कारखाना सुरू झाला. म्हणजे हिवाळ्याचे दूध उन्हाळ्यासाठी ठेवता येऊ लागले. दुधालाही थांबता आले! भावाच्या घासाघीशीत शेतकऱ्याची बाजू पहिल्यांदा जड झाली ती तेव्हा, असे मला वाटते. योगायोग असा, की 1963 चा मॅगसेसे पुरस्कार कुरियन, त्रिभुवनदास आणि खुरोडी या तिघांना मिळून दिला गेला. भांडणाच्या दोन्ही बाजू एकाच व्यासपीठावर!

टंचाई मात्र संपली नव्हती. 1965 मध्ये पश्चिम बंगालात सरकारने छेन्याच्या मिठाईवर बंदी घातली. रसगुल्ल्यापेक्षा लेकरांच्या तोंडी दूध जावे, हा हेतू. बंगाल्याचा रसगुल्ला काढून घेणारे सरकार किती दिवस टिकणार? पुढे 1970 पासून दूध महापूर योजना आली. परदेशातून देणगी मिळालेली भुकटी आणि लोण्याचे तेल यांपासून दूध करून महानगरांत विकायचे आणि त्या पैशातून गावोगावचे संघ उभे करायचे, अशी ती योजना होती. ते दूध कवडीमोलाने विकले असते तर गावचे दूध बुडाले असते; म्हणून त्याचा भाव मुद्दाम पडू दिला नाही. 1998 मध्ये भारत दूध उत्पादनात जगात पहिला झाला.

महाराष्ट्राने वाट जराशी वेगळी धरली. कोल्हापुरात 1963 मध्ये जिल्हा संघ झाला, वारणेला झाला. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंच्या 'बाएफ'ने 1967 पासून संकरित गाईंचा प्रसार केला. तरी मोठा घेणारा बराच काळ सरकारच राहिले. काचेच्या बाटल्या, आरेचे केंद्र, दुधाचे कार्ड ही मुंबईकरांची आठवण आहे. गावाकडची आठवण म्हणजे सरकारने जाहीर केलेला खरेदीदर. तो कमी वाटला तर भांडायला मंत्रालय होते. 1991 नंतर खासगी डेअऱ्या वाढल्या, सरकारी संकलन आटत गेले. दर जाहीर करण्याची पद्धत तेवढी उरली. जून 2017 मध्ये पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संप केला, रस्त्यावर दूध सांडले. त्याच महिन्यात गाईच्या दुधाला 27 रुपये दर ठरला. वर्षभरात भुकटीचे जागतिक भाव कोसळले आणि शेतकऱ्याच्या हाती वीस रुपयेही धड पडेनात. जुलै 2018 मध्ये पुन्हा आंदोलन झाले आणि 25 रुपयांवर मिटले. ज्या भुकटीने 1955 मध्ये शेतकऱ्याला थांबायला शिकवले, त्याच भुकटीचा परदेशातला भाव आता त्याच्या कॅनचा भाव ठरवतो.

आज संकलन केंद्रावर गाईचे दूध साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफला मोजतात. त्याखाली गेले की पॉइंटामागे पैसे कापतात. काटा आणि यंत्र घेणाऱ्याचे असते. जुलै 2024 मध्ये राज्यात संघांनी 30 रुपये द्यावेत आणि सरकारने वर 5 रुपये अनुदान द्यावे, असे ठरले. ऑक्टोबरपासून अनुदान 7 रुपये झाले. बातमी वाढीची होती. पण त्याच वेळी संघांनी द्यायचा दर 28 करण्यात आला. शेतकऱ्याचे आधीही 35 होते, नंतरही 35.