सरकी, वांगे आणि केळी : खानदेशातील जनुकीय परिवर्तित अन्नाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

जनुकीय परिवर्तित अन्नाचे फायदे व तोटे हा विषय महाराष्ट्रात बहुधा प्रयोगशाळेच्या किंवा न्यायालयाच्या अंगाने चर्चिला जातो. एखाद्या प्रदेशाच्या कृषी-इतिहासाचा भाग म्हणून त्याकडे क्वचितच पाहिले गेले आहे. वास्तविक बाहेरून आलेले बियाणे, त्यामागील सत्ता अथवा व्यापार आणि ते स्वीकारणारा किंवा नाकारणारा शेतकरी हे नाते खानदेशाला नवे नाही. प्रस्तुत लेखात नशिराबाद परिसर व एकूणच जळगाव-धुळे भागातील तीन पिकांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. सरकी, वांगे व केळी ही ती तीन पिके होत.

बियाण्याचे पूर्वीचे प्रयोग

एकोणिसाव्या शतकात नशिराबाद हे तालुक्याचे नाव होते व आजचे जिल्ह्याचे ठिकाण असलेले जळगाव त्याच तालुक्यात मोडत होते. काचेच्या बांगड्यांसाठी ओळखले जाणारे हे जुने गाव मागे पडले आणि जळगाव पुढे आले, याचे मुख्य कारण कापूस व रेल्वे हे होय. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली. याच दशकात खानदेशातून लोहमार्ग गेला. कापसातील भेसळ रोखण्यासाठी मुंबई सरकारने १८६३ मध्ये कायदा केला. खानदेशचे कलेक्टर ॲशबर्नर यांच्या काळात स्थानिक आखूड धाग्याच्या कापसाऐवजी हिंगणघाटी बियाणे रुजविण्याचा जोरदार प्रयत्न झाला. लांब धागा ही मँचेस्टरची गरज होती. खानदेशातील कुणब्याची ती गरज नव्हती.

पुढे काय घडले हे उद्बोधक आहे. शतकाच्या अखेरीस आखूड धाग्याचा, पण अधिक पिकणारा व रुईचा उतारा अधिक देणारा कापूस खानदेशात पुन्हा पसरला. व्यापाऱ्याकडून लांब धाग्याला पुरेसा जादा भाव मिळत नसेल, तर शेतकऱ्याने तो का पेरावा, असा साधा हिशेब त्यामागे होता. विसाव्या शतकात कृषी खात्याने एन.आर., बनिला, जरिला, विरनार असे देशी वाण या भागात आणले. त्यांतील मर रोगाला तोंड देणाऱ्या जरिलाचे नाव बाजारात दीर्घकाळ टिकले. या सर्व वाणांचे एक वैशिष्ट्य असे की, जिनिंगमधून आलेली सरकी निवडून पुढच्या वर्षी पेरता येत असे. १९७० मध्ये सुरत येथील संशोधन केंद्रातून एच-४ हा संकरित कापूस आला आणि ही साखळी तुटू लागली. संकरित वाणाचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. म्हणजेच बियाण्यावरील शेतकऱ्याची मालकी जनुकीय परिवर्तनामुळे गेली, हे विधान इतिहासाला धरून नाही. ती त्यापूर्वी तीस वर्षांपासून जात होती. जनुकीय तंत्राने तिच्यावर आणखी एक कर बसविला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

सरकीच्या वाटेने आलेले अन्न

२६ मार्च २००२ रोजी केंद्रीय जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. मातीतील बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतील एक जनुक कापसात घातल्याने रोपातच असे प्रथिन तयार होते की, ते खाल्ल्यावर बोंडअळीच्या आतड्याला इजा होऊन ती मरते. मनुष्याच्या व गुरांच्या पोटात हे प्रथिन ज्याला चिकटते तो ग्राहकघटक नसतो, म्हणून ते त्यांना बाधत नाही, अशी त्यामागील शास्त्रीय भूमिका आहे. २००६ मध्ये दोन जनुके असलेले बियाणे आले आणि पुढील काही वर्षांत देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र बीटीखाली गेले.

ही गोष्ट वस्त्राची म्हणून सांगितली जाते, पण ती अन्नाचीही आहे. कापसाच्या वजनात रुईपेक्षा सरकीचा वाटा मोठा असतो. सरकीचे तेल गिरणीत शुद्ध होऊन खाद्यतेलात व फरसाणाच्या कढईत जाते आणि उरलेली ढेप दुभत्या जनावरांपुढे पडते. म्हणजे जनुकीय परिवर्तित अन्न भारतात येऊ द्यावे काय, यावर २०१० मध्ये देशभर वाद चालू असताना खानदेशातील म्हैस ते अनेक वर्षे खात होती आणि तिचा मालक त्याच सरकीच्या तेलात तळलेली भजी खात होता. या विसंगतीकडे दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिले नाही. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, त्यामुळे तेलाबाबतची भीती फारशी टिकत नाही. ढेपेचा प्रश्न वेगळा आहे, कारण प्रथिन ढेपेतच राहते. ते प्रथिन पचनात मोडते, हे प्रयोगांनी दाखविले आहे. परंतु ज्या देशात जनावराच्या आजाराची नोंदच नीट होत नाही, तेथे दीर्घकालीन परिणामाविषयी ठामपणे बोलणे धाडसाचे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ च्या अहवालात बाजारातील जनुकीय परिवर्तित अन्न इतर अन्नापेक्षा अधिक धोकादायक असल्याचा पुरावा मिळाला नाही, असा निष्कर्ष काढला. त्याच अहवालाने असेही नोंदविले की, या तंत्रामुळे अमेरिकेतील पिकांच्या उत्पादनवाढीचा वेग बदलल्याचे दिसत नाही. समर्थक पहिले वाक्य उद्धृत करतात, विरोधक दुसरे.

शेतातील लाभ खरा होता. २००२ च्या सुमारास देशाचे सरासरी रुई उत्पादन हेक्टरी ३०० किलोच्या आसपास होते, ते २००७-०८ पर्यंत साडेपाचशे किलोच्या घरात गेले. हिरव्या बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात विहिरीच्या पाण्यावर, पुढे ठिबकवर, बागायती कापूस लावणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा विशेष फायदा मिळाला. तथापि हे सर्व श्रेय एका जनुकाचे नव्हते. ठिबक सिंचन, नवे संकरित वाण, रसशोषक किडींसाठी बियाण्याला लावलेले औषध व काही वर्षांचा चांगला पाऊस यांचाही त्यात वाटा होता. कोरडवाहू शेतकऱ्याने मात्र तेच महाग बियाणे पावसाच्या भरवशावर पेरले. आरंभी ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपयांहून अधिक मोजावे लागत. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितल्यानंतर किमती निम्म्यावर आल्या, आणि २०१५ च्या अखेरीस केंद्राने बियाण्याचे दर ठरविण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला.

तोटा पुढे गुलाबी बोंडअळीने दाखविला. प्रत्येक पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जात असे. ते शेताच्या कडेने लावावे, म्हणजे अळीला साधे अन्न मिळून तिच्यात प्रतिकारशक्ती लवकर येणार नाही, अशी ही आश्रय-ओळींची योजना होती. बहुतेकांनी ती पुडी बांधावरच टाकली. दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याने अळीसाठी जमीन राखून ठेवावी, ही अपेक्षाच मुळात मोठ्या शेतीच्या देशातून आलेली होती. त्यातच पाण्याची सोय असलेले शेतकरी फरदड घेत आणि मे महिन्यात पुन्हा लागवड करीत, त्यामुळे अळीला वर्षभर घर मिळाले. २०१० मध्ये गुजरातेतील काही जिल्ह्यांत पहिल्या जनुकाविरुद्ध प्रतिकारशक्ती आढळल्याचे जाहीर झाले. काही वर्षांत दुसरे जनुकही निकामी ठरले आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर डोमकळ्या व किडलेली बोंडे दिसू लागली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणी कमी करण्यासाठी आलेल्या तंत्राची ही अवस्था झाली. पुढे शासनाने हंगामपूर्व लागवड टळावी म्हणून बियाणेविक्रीच्या तारखा पुढे ढकलल्या. याचा सर्वाधिक जाच खानदेशातील बागायती कापूसवाल्यालाच झाला, कारण त्याचे गणितच मे महिन्यावर बसविलेले होते.

भरताचे वांगे

वांग्याच्या बाबतीत प्रश्न थेट ताटाशी आला. जालना येथे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या महिको कंपनीने शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीला तोंड देणारे बीटी वांगे तयार केले. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्रीय समितीने त्याला अनुकूलता दर्शविली. तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यांपैकी महाराष्ट्रात नागपूर हे एकच ठिकाण होते. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी या वाणाला स्थगिती दिली.

बाजारातील वांगे किती वेळा फवारलेले असते, हे भाजीपाला पिकविणाऱ्यास ठाऊक असते. अनेक शेतकरी स्वतःच्या घरासाठी एखादी ओळ वेगळी ठेवतात, ती याच कारणाने. या दृष्टीने बीटी वांग्याचा लाभ कापसापेक्षा मोठा होता, कारण विष थेट पोटात जाते. बांगलादेशाने २०१३ मध्ये परवानगी दिली व २०१४ पासून लागवड सुरू केली. तेथे कीटकनाशकाचा वापर बराच घटल्याचे क्षेत्रीय अभ्यासांत दिसून आले आहे. दुसऱ्या बाजूस, वांगे हे या भूमीतील पीक आहे. त्याची असंख्य स्थानिक वाणे आहेत आणि त्यांत परपरागीकरण काही प्रमाणात होते. जळगाव परिसरातील असोदा, भालोद, बामणोद येथील फिकट हिरवे, कमी बियांचे, मऊ गराचे वांगे भरतासाठी प्रसिद्ध आहे. २०१६ मध्ये त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. कळण्याच्या भाकरीबरोबर खाल्ले जाणारे हे भरीत जिल्ह्याची ओळख आहे. त्याचे बी बहुतांशी शेतकरी स्वतः धरतो. अशा बियाण्यात शेजारच्या शेतातून परके जनुक शिरले, तर त्या बियाण्याचा मालक कोण आणि त्याची शुद्धता कोण तपासणार, याचे उत्तर २०१० मध्ये कोणाकडेही नव्हते. स्थगितीवर ती भावनेच्या आहारी जाऊन दिल्याची टीका झाली. या एका मुद्द्यावर तरी ती टीका लागू पडत नाही.

स्थगितीने प्रश्न मिटला मात्र नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी बंदी असलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे जाहीररीत्या पेरले. निंदणीला मजूर मिळत नाहीत, ही त्यांची अडचण खोटी नव्हती. हेच बियाणे चोरट्या मार्गाने राज्यभर विकले गेले. अधिकृत परवानगी नसल्याने त्याच्या पाकिटावर ना खरे नाव, ना पावती. न उगवल्यास दाद कोठेही नाही. बंदीचा तोटा अशा रीतीने पुन्हा शेतकऱ्याच्याच पदरी आला.

केळीची वेगळी कथा

केळीबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. १९९० च्या दशकापासून जळगाव जिल्ह्यात पसरलेली ऊतिसंवर्धित ग्रँड नैन केळी जनुकीय परिवर्तित नाही. एकाच चांगल्या झाडापासून प्रयोगशाळेत वाढविलेली ती रोपे आहेत. तीत परके जनुक नाही, पण सर्व रोपे सारखी असल्याने एक रोग सर्वांना सारखाच लागू शकतो. २०२० मध्ये कुकुंबर मोझॅक विषाणूने रावेर-यावल भागात बागाच्या बागा उपटाव्या लागल्या, तेव्हा याची चुणूक मिळाली. पनामा मर रोगाचा टीआर-४ हा प्रकार बिहार व उत्तर प्रदेशात शिरलेला आहे आणि ग्रँड नैन ज्या कॅव्हेंडिश गटातील आहे, तोच गट त्याला बळी पडतो.

ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी २०२४ मध्ये या रोगाला प्रतिकार करणाऱ्या जनुकीय परिवर्तित कॅव्हेंडिश केळीस परवानगी दिली. तिच्यात घातलेले जनुक रानटी केळीतलेच आहे. बागेतील केळीला बी धरत नाही, ती मुनव्यांनी वाढते. त्यामुळे शेजारच्या पिकात जनुक जाण्याची वांग्याबाबतची भीती येथे जवळजवळ नाही. बोंडअळीप्रमाणे एका हंगामात अनेक पिढ्या घालणारी कीडही येथे नाही. म्हणजे वांग्याविरुद्धचे प्रमुख आक्षेप केळीस जसेच्या तसे लागू होत नाहीत, आणि कापसाच्या बाजूने दिले जाणारे उत्पादनवाढीचे दाखलेही येथे उपयोगी नाहीत. भारतात निर्णय मात्र पिकागणिक न होता एकगठ्ठा होण्याकडे कल राहिला. जनुकीय मोहरीच्या प्रकरणी २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरुद्ध निकाल दिले. राष्ट्रीय धोरण सर्वांशी विचारविनिमय करून आखावे, यावर मात्र दोघांचे एकमत होते. टीआर-४ खानदेशात पोहोचण्यापूर्वी ते धोरण तयार होते की नाही, यावर तापी-काठच्या केळी उत्पादकाचे बरेच काही अवलंबून आहे.