श्रवणातून आलेली तालविद्या : संगमनेर परिसरातील डफ-ढोलकीच्या परंपरेचा विचार

मराठी शाहिरीचा इतिहास लिहिताना शब्दाला जेवढे स्थान मिळाले तेवढे वाद्याला मिळाले नाही. हॅरी ॲकवर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाडे संपादून प्रसिद्ध केले आणि ॲकवर्थ यांचे इंग्रजी भाषांतर १८९४ मध्ये निघाले. गोंधळी-शाहिरांच्या तोंडी असलेले वाङ्मय त्या उद्योगामुळे कागदावर आले, हे त्याचे मोल कोणीही नाकारणार नाही. परंतु पोवाडा कागदावर येताना डफ मागे राहिला. कडवे कोठे थांबते हे छापील पानावरून कळते. त्या थांब्यात वाद्य काय बोलत होते, आणि ते बोलणे वाजविणारा कोठे शिकला, हे मात्र पानावरून कळत नाही. अहमदनगर जिल्ह्याच्या, विशेषतः संगमनेरच्या संदर्भात हा प्रश्न विचारण्यास कारण आहे. पेशवाईतील एक प्रमुख शाहीर येथला, आणि विसाव्या शतकातील तमाशाचा एक नामांकित फडही याच गावाशी जोडलेला आहे.

तालविद्येची लिखित परंपरा या भागाला अपरिचित होती असे मात्र समजू नये. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने देवगिरीस ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यातील वाद्याध्यायात पटह, हुडुक्का आदी चर्मवाद्यांचे वर्णन व त्यांच्या पाटाक्षरांचा विचार आहे. त्याच शतकाच्या अखेरीस, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये, प्रवरेच्या काठी नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. एक ग्रंथ संस्कृतात, दरबाराच्या छायेत राहिला, तर दुसरा मराठीत, ऐकणाऱ्यांच्या समुदायात वाढला. गावातील वादकापर्यंत यांपैकी पहिला ग्रंथ पोचला असण्याचा संभव फार थोडा. त्याचे शास्त्र कानातच साठविलेले होते.

अनंत फंदी (१७४४–१८१९) हा संगमनेरचा. आडनाव घोलप, ज्ञातीने ब्राह्मण. मलिक फंदी नावाच्या फकिराच्या स्नेहामुळे ‘फंदी’ हे नाव त्याला चिकटले असे परंपरा सांगते. शाहिरीत शिरलेल्या ब्राह्मण कवीने डफावरची थाप कोणाकडून उचलली असावी, याचा विचार करताना सोलापूरच्या राम जोशी (१७६२–१८१२) याचे उदाहरण उपयोगी पडते. वेदशास्त्राच्या घरातील हा मुलगा शेजारच्या धोंडी शाहिराच्या फडात जाऊन बसू लागला आणि त्या बसण्यातूनच शाहीर झाला, अशी त्याची कथा सांगतात. तेथे गुरूने शिष्यास पाठ दिल्याचा उल्लेख येत नाही, फक्त बसणे आणि ऐकणे येते. फंदीच्या बाबतीत इतकी स्पष्ट कथा नसली तरी मार्ग निराळा असण्याचे कारण दिसत नाही. संस्कृत पाठशाळेत डफ शिकवीत नव्हते.

याला काव्यातूनच एक पुरावा मिळतो. फंदीचे नाव ज्या रचनाप्रकाराशी कायमचे जोडले गेले तो फटका. माधवराव पटवर्धनांच्या ‘छंदोरचने’तील परिभाषेने बोलावयाचे तर हा पद्मावर्तनी, म्हणजे आठ मात्रांच्या आवर्तनांचा बंध होय. फंदीच्या सर्वांत प्रसिद्ध फटक्याचा पहिला चरण मोजून पाहिल्यास पहिली तीन आवर्तने आठ-आठ मात्रांची पूर्ण भरतात. चौथे सात मात्रांवरच संपते. छंदःशास्त्रज्ञ या उणिवेला विराम म्हणेल आणि पुढे जाईल. गाणाऱ्याच्या दृष्टीने तेथे श्वास आहे. डफ वाजविणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती एक मात्रा म्हणजे त्याची जागाच आहे. शब्द संपला, पण आवर्तन संपले नाही, आणि पुढचा चरण ज्या ठोक्यावर पडावयाचा तो ठोका त्याने हाती धरून ठेवावयाचा आहे. पोथीत ही मात्रा लिहिलेली नसते, म्हणून वाचून ती कळत नाही. फड उभा असताना कान देऊन ऐकले तरच ती सापडते. असा चरण रचणाऱ्याच्या कानात डफ वाजत होता, एवढे अनुमान यावरून काढण्यास हरकत नसावी.

पेशवाईतील शाहिरीची ओळख डफ आणि तुणतुणे ही होती. पुढे तमाशात ढोलकीचा मान वाढला व तिच्या जोडीला हलगी आली. ढोलकीचे उजवे तोंड शाई लावलेले, चढ्या स्वराचे असते. डावे आतून मसाला लावलेले असते आणि घुमाऱ्याचे काम ते करते. या दोन तोंडांच्या स्वरभेदामुळेच ढोलकीला ‘बोलणे’ शक्य होते. हलगीला एकच कातडे, पण एका हातात आखूड व दुसऱ्या हातात लांब, लवचीक काडी असल्याने तिचा कडकडाट निराळा उमटतो. तमाशाच्या आरंभी गणापूर्वी या दोन वाद्यांची जी सलामी होते, तीत ढोलकीवाला एक तुकडा टाकतो आणि हलगीवाला तो ऐकून परत करतो. त्याला काडीने ढोलकीची नक्कल करावयाची असते, म्हणजे दुसऱ्याच वाद्याची भाषा क्षणात आपल्या भाषेत आणावयाची असते. प्रेक्षक या प्रसंगाकडे रंजन म्हणून पाहतात. वस्तुतः ती फडातील तालशिक्षणाची उघड परीक्षाच आहे.

या शिक्षणाला सामान्यतः पायऱ्या असतात, जरी त्यांना कोणी नावे दिलेली नाहीत. फडात आलेला पोर प्रथम सामान वाहतो. मग त्याच्या हाती झांज येते. झांजेत चुकण्यास वाव थोडा, पण चूक लपविण्यास तर मुळीच नाही. तुणतुणे धरून मागे उभा राहिला की तो सुरत्या होतो व धृपदाची झील उचलू लागतो. येथपर्यंत त्याने चर्मवाद्याला हात लावलेला नसतो, पण फडातील निम्म्याहून अधिक गाणी त्याला तोंडपाठ झालेली असतात. ढोलकी हाती येते ती त्यानंतर. घराणेदार तबल्याच्या शिक्षणाचा क्रम याच्या उलट आहे. तेथे बोल आधी, कायदा आधी, गाण्याची साथ फार पुढची. फडात मात्र गाणे आधी येते आणि बोल त्यातून निघतात. म्हणून फडातील वादकास आवर्तनाच्या मात्रा किती हे विचारल्यास तो कदाचित उत्तर देणार नाही, पण कोणत्या शब्दाच्या कोणत्या अक्षरावर थाप पडली पाहिजे हे तो अचूक दाखवील. गायिकेने शब्द लांबविला, मध्येच बोलीत काही जोडले, तरी हात सुटत नाही, कारण तो संख्येला बांधलेला नसून शब्दाला बांधलेला आहे. या ज्ञानाला अशास्त्रीय म्हणण्याची चाल आहे. पण चरणाच्या अखेरची उणी मात्रा रोज रात्री बिनचूक भरून काढणाऱ्यास शास्त्र ठाऊक नाही असे म्हणणे कठीण आहे.

लाहोरला १९०१ मध्ये विष्णु दिगंबर पलुसकरांनी गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हापासून लेखन, परीक्षा आणि पदवी ही संगीतशिक्षणाची मान्य अंगे झाली. वारकऱ्यांच्या मृदंगालाही विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये आळंदीस स्थापिलेल्या वारकरी शिक्षण संस्थेमुळे निवासी पाठशाळेचे वातावरण लाभले. डफ-हलगीला असे काही मिळाले नाही. त्याचे कारण केवळ संगीताचे नव्हते.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सतरावा खंड (१८८४) अहमदनगर जिल्ह्याचा आहे. त्यातील लोकवस्तीचे प्रकरण जातवार व धंदेवार रचलेले आहे. अशा ग्रंथरचनेत वादन ही विद्या राहत नाही, जातीचे लक्षण होते. गुरवाने देवळात, गोंधळ्याने देवीपुढे, होलार-मांगांनी लग्नात व मिरवणुकीत वाजवावे ही गावगाड्याची वाटणी होती. तीत शिकण्याची गोष्ट कोणाला विचारावीशी वाटली नाही, कारण ते रक्तातच असते अशी समजूत होती. कान तयार करण्यास वर्षे लागतात ही साधी गोष्ट त्या समजुतीखाली दडपली गेली. मोहरमच्या ताशाविषयीही हेच म्हणता येईल.

फंदीच्या चरित्रातील सर्वांत गाजलेला प्रसंग या प्रकाशात वेगळा दिसू लागतो. अहिल्याबाई होळकरांनी ब्राह्मणाने तमाशा करावा हे बरे नव्हे असे सुनावले व त्याने डफ फोडून कीर्तनाची वाट धरली, अशी आख्यायिका आहे. अहिल्याबाईंचे निधन १७९५ चे. म्हणजे प्रसंग खरा मानल्यास फंदीचे वय तेव्हा पन्नाशीच्या आत-बाहेरच असणार. आख्यायिकेचा तपशील किती विश्वसनीय हा प्रश्न बाजूस ठेवला तरी तिचा आशय बोलका आहे. फंदीला डफ टाकता आला. डफ टाकूनही तो कवी राहिला, कीर्तनकार झाला, आणि दुसऱ्या बाजीरावासाठी ‘माधवग्रंथ’ही त्याने रचला. त्याच्या फडात ज्याच्या हाती दुसरे वाद्य असेल त्याला असा पर्याय नव्हता. डफ फोडल्यावर त्या साथीदाराचे काय झाले, हे आख्यायिका सांगत नाही. अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यातील चौंडीचा (१७२५), आणि २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. त्यामुळे डफ फोडविणारी राणी आणि डफावर वाढलेला कवी आता एकाच जिल्ह्याच्या नावात आणि इतिहासात शेजारी आले आहेत.

डफ-हलगी टाकण्याचा दुसरा प्रसंग विसाव्या शतकात आला आणि तो आख्यायिका नव्हे. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने गावकीची अवमानकारक कामे सोडण्याचा आग्रह धरला. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेकांनी वतनाच्या कामांबरोबर वाजविणेही सोडले, आणि कनिष्ठ गाववतने रद्द करणारा मुंबईचा कायदा १९५८ मध्ये झाला. संगीताच्या अभ्यासकास येथे परंपरा तुटल्याची हळहळ वाटू शकते. ती वाटण्यापूर्वी त्याने हे ध्यानात घ्यावे की ज्या वादनाला नकार देता येत नव्हता, ते सोडणे हा वादकाचा पहिला स्वेच्छेचा निर्णय होता. सक्तीचे वाजविणे आणि निवडलेले वाजविणे यांत ठोका एकच असला तरी अर्थ एक नसतो.

निवडलेले वाजविणे फडात टिकले. तुकाराम खेडकर व कांताबाई सातारकर यांच्या फडामुळे संगमनेरचे नाव तमाशाच्या नकाशावर राहिले. कांताबाईंचे २०२१ मध्ये निधन झाले. दरम्यान ऐकण्याची साधने बदलली होती. ध्वनिमुद्रिका, १९५३ मध्ये सुरू झालेले आकाशवाणीचे पुणे केंद्र आणि लावणीचे चित्रपट यांमुळे ढोलकी फडाबाहेरही ऐकू येऊ लागली. तबकडीवरून शिकणाऱ्यास एक सोय मिळाली, ती म्हणजे तोच तुकडा हवा तितक्या वेळा ऐकण्याची. त्याबरोबर एक अडचणही आली. तबकडीतील गायिका प्रत्येक वेळी त्याच जागी श्वास घेते. फडातील गायिका तसे करीत नाही, आणि चौथ्या आवर्तनातील ती उणी मात्रा एखाद्या रात्री अर्ध्या मात्रेइतकी आखडते, एखाद्या रात्री प्रेक्षकांच्या शिट्टीमुळे दोन मात्रांइतकी लांबते. तबकडीवर शिकलेला हात अशा वेळी आधी पडतो आणि झांजवाला मागे वळून पाहतो.