राइट फ्लायर पुन्हा उडवताना

17 डिसेंबर 1903 रोजी किटी हॉकच्या वाळूवर राइट बंधूंचं विमान चार वेळा उडालं. मग जमिनीवर उभं असतानाच वाऱ्याच्या झोताने कोलांटलं आणि पुन्हा कधी उडालंच नाही. 1913च्या पुरात डेटनमध्ये त्याचे सुटे भाग चिखलात बुडाले. ऑर्विलने ते पुन्हा जोडलं, 1927 मध्ये त्याचं कापड बदललं. म्हणजे मूळ विमानसुद्धा आज अगदी 1903चं उरलेलं नाही. त्यात भावांनी पूर्ण आराखडा मागे ठेवलाच नाही. 1928 पासून वीस वर्षं ते लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये होतं. तिथे मापं घेऊन आराखडे झाले आणि त्यांवरून डी हॅविलंड या विमान कंपनीच्या शिकाऊ मुलांनी प्रतिकृती केली, पण ती फक्त बघायची.

उडणारी प्रतिकृती करायचा ध्यास व्हर्जिनियाच्या केन हाइड यांनी घेतला. पहिल्या उड्डाणाच्या शताब्दीसाठी त्यांच्या चमूने विमान घडवलं ते कसलीही सुधारणा न करता. सांगाड्याला स्प्रूस आणि ॲश, वर साधं सुती कापड. राइट बंधूंनी ते पंखांवर उरेब लावलं होतं. तिरक्या धाग्यांमुळे कापडच सांगाड्याला ताण देतं, जादा वजन लागत नाही. शिंप्याच्या हातातली ही युक्ती विमानात बघून मला फार आनंद होतो. चालक पालथा पडून कंबर सरकवतो, तशी तारा ओढल्या जाऊन पंख पिळतात.

इंजिन जेमतेम 12 अश्वशक्तीचं. ते पुरलं, याचं श्रेय पंख्यांना द्यायला हवं. हाताने तासलेले ते लाकडी पंखे इंजिनाची सुमारे 75 टक्के शक्ती कामी लावत. माझ्या मते भावांचा सर्वांत मोठा पराक्रम हाच.

चालवणं मात्र कठीण. उंची सांभाळणारी पट्टी पुढे असल्याने विमान सतत नाक वर-खाली करतं. जुने चाचणी वैमानिक स्कॉट क्रॉसफील्ड यांनी चालकांकडून कसून सराव करून घेतला. नोव्हेंबर 2003 मध्ये केव्हिन कोचर्सबर्गर यांनी ते उडवलं.

शताब्दीच्या दिवशी पाऊस लागला होता, वारा पडलेला. विमान रुळावरून घसरत गेलं, नाक जरासं उचललं आणि पाण्याच्या डबक्यात थांबलं. 1903 साली समोरून ताशी वीस मैलांहून जास्त वेगाचा वारा होता. जोरकस इंजिन बसवलं असतं तर कदाचित त्या पावसातही उड्डाण झालं असतं, पण हाइड यांच्या चमूने ते बसवलं नाही.