गोठ्यातून आलेले औषध, नेमाच्या शोधात: रक्ताच्या गुठळीचा इतिहास

#थ्रेड

१/ फेब्रुवारी १९३३. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात हिमवादळ सुरू असताना एड कार्लसन हा शेतकरी सुमारे ३०० किलोमीटर अंतर कापून मॅडिसनला पोहोचला. सोबत होती एक मेलेली कालवड, सडलेली वैरण आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेले, न गोठणारे रक्त.

२/ रक्त गोठणे हा मुळात देहाचा रक्षणधर्म. जखम झाली की फायब्रिन या प्रथिनाचे तंतू जाळे विणतात आणि रक्तस्राव थांबतो. तेच जाळे पायाच्या खोल नीलेत विणले गेले, तर गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकू शकतो आणि प्राणावर बेतते. हे नाते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूडॉल्फ फिरखो या जर्मन वैद्याने उलगडले.

३/ कारण कळले. प्रभावी औषध मात्र हाती नव्हते. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत 'स्वीट क्लोव्हर'ची बुरसलेली वैरण खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. दोष वैरणीत आहे, हे पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनी दाखविले. विषद्रव्य अज्ञातच राहिले.

४/ कार्लसनने आणलेले रक्त पाहून रसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक शोधास लागले. १९३९मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत ते द्रव्य सापडले: डायकुमरॉल. त्याच कुळातील वॉरफरिन १९४८मध्ये बाजारात आले, तेही उंदीर मारण्यासाठी! १९५४मध्ये ते माणसांचे औषध ठरले. १९५५मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते देण्यात आले.

५/ परंतु या औषधाला नेम नाही. गुठळी एका नीलेत, परिणाम मात्र सर्वांगी. मात्रा कमी पडली तर गुठळी, अधिक झाली तर रक्तस्राव. म्हणूनच रुग्णाला वारंवार रक्त तपासावे लागते.

६/ हा नेम साधण्याचा यत्न म्हणजे नॅनोकण. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ग्रेगरी लान्झा व सॅम्युअल विकलाइन यांच्या गटाने फायब्रिनलाच चिकटणारी प्रतिपिंडे बसविलेले कण घडविले. आकार, मिलिमीटरच्या सुमारे चार हजाराव्या भागाएवढा. हे कण एमआरआयमध्ये गुठळी उजळून दाखवितात, असे २००१मध्ये प्रसिद्ध झाले.

७/ २०११मध्ये रक्त गोठविणाऱ्या थ्रॉम्बिनला रोखणारे नॅनोकण उंदरांत तपासले गेले. इजेच्या जागी त्यांनी गुठळीस अटकाव केला; उरलेल्या रक्ताची गोठण्याची शक्ती मात्र लवकर पूर्ववत झाली. अर्थात, उंदरातील यश आणि रुग्णाची खाट यांत मोठे अंतर असते.

८/ लिंक यांच्यापुढील प्रश्न होता, रक्ताचे गोठणे कशाने थांबते? आजचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे: ते नेमके कोठे थांबवावे, आणि कोठे मुळीच थांबवू नये?